‘समजलं का?’ असं न विचारणाऱ्या शालनताई

फोन आला तेव्हा मी कबनूरच्या एका शाळेत सतरंज्या अंथरत होतो. ओळीत नाही, गोल. ही गोल अंथरायची सवय शालनताईंची. एकोणीस वर्षांत ती माझ्या हातात इतकी भिनली आहे की घरी पाहुणे आले तरी मी खुर्च्या तशाच मांडतो आणि बायको वैतागते. मागावर कांड्या भरणाऱ्या वीस-बावीस बायका दारात चपला काढत होत्या. फोनवर दादा होते, ताईंचे यजमान. “संजू, शालन गेली रं...” एवढंच म्हणाले. मी विचारलं, “कुठं?” खरंच विचारलं. आठ दिवसांपूर्वी दवाखान्यातून घरी आलेली बाई, तीन दिवसांपूर्वी माझ्यासमोर वजनकाट्यावर उभी राहिलेली, ती जाऊन जाऊन कुठं जाणार? दादांनी फोन ठेवून दिला. बायका तोवर बसल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं की आजचं रद्द, आता पुढच्या बुधवारी, याच वेळेला, इथंच. समजलं ना? सगळ्यांनी माना डोलावल्या. “व्हय की सर, समजलं.” पुढच्या बुधवारी चौघी आल्या. बाकीच्यांतल्या काही गुरुवारी येऊन कुलूप बघून गेल्या, दोघी भलत्याच शाळेच्या दारात तासभर उभ्या होत्या म्हणे.

शालनताई गेल्यावर वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ज्येष्ठ प्रशिक्षक, सामाजिक कार्यकर्त्या शालन कांबळे यांचे निधन. ‘ज्येष्ठ’ हा शब्द वाचून त्या उसळल्या असत्या. त्या कार्यशाळा घ्यायच्या, बस्स. चांदीचे कारागीर, यंत्रमाग कामगार, दूध संस्थांच्या सभासद बाया, अंगणवाडी सेविका, अशा लोकांना एखादी धड सवय लागावी म्हणून एक दिवसाची, कधी अर्ध्या दिवसाची बैठक. मूळच्या प्राथमिक शिक्षिका. मग आमच्या छोट्या संस्थेत आल्या, पुण्यात कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन वर्तनशास्त्राचं एक जाडजूड बाड घेऊन परत आल्या. माणसं ठरवतात एक आणि करतात दुसरंच, ते का, याचं ते शास्त्र. बाड इंग्रजीत. मी तेव्हा नुकताच समाजकार्याची पदवी घेऊन चिकटलेलो आणि इंग्रजी येतं म्हणून जरा ताठ्यातच असलेलो. दुपारी डबा खाताना त्या मला एकेक पान वाचायला लावायच्या आणि म्हणायच्या, “आता हे माझ्या सासूला कळंल असं सांग.” सासूबाई वारून तेव्हा पाच वर्षं झाली होती. तरी दोन वर्षं आम्ही ते सगळं बाड सासूबाईंना सांगत बसलो.

माझी पहिली कार्यशाळा मी स्वतःच्या मते गाजवली होती. टाळ्या पडल्या, एक म्हातारबाबा तर उठून हात मिळवून गेले. ताई मागं दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ मांडी घालून बसल्या होत्या. त्यांची ती कायमची जागा. परतीच्या बसमध्ये त्यांनी वही उघडली. “सत्तेचाळीस मिनिटं तू बोललास. त्या अकरा मिनिटं बोलल्या, त्यातली चार चहा कुठाय ते इचारण्यात गेली. आता मला सांग, संजू, उद्या सकाळी उठून त्यातली एक तरी बाई काय येगळं करंल?” मी पडलेल्या टाळ्यांचं सांगायला लागलो. “काय?” त्यांनी पुन्हा विचारलं. उत्तर मिळेपर्यंत प्रश्न सोडायचा नाही हा त्यांचा खाक्या होता, आणि तो मला तेव्हा चांगलाच झोंबला. बस हुपरी फाट्यावर थांबली होती, लोक चढत-उतरत होते, आणि मी खिडकीतून बाहेर बघत रडू दाबत होतो.

सत्कार हा त्यांचा सर्वांत मोठा शत्रू. आपल्याकडं पाच माणसं जमली की त्यातल्या तिघांना नारळ आणि दोघांना फेटा ठरलेला. ताईंचं म्हणणं असं की एकदा का व्यासपीठ झालं आणि कुणी खुर्चीवर बसलं, की खाली बसलेला माणूस आपण बघायला आलोय असं धरून चालतो, करायला आलोय असं नाही. पुढं दिवसभर तुम्ही डोकं आपटा, तो प्रेक्षकच राहतो. हुपरीला एकदा गावातले एक पुढारी दहा फेटे आणि फेटे बांधणारा माणूस घेऊन हजर झाले. ताई हात जोडून म्हणाल्या, “साहेब, फेटा बांधला की कान झाकतात बगा. आमची माणसं आधीच कमी ऐकत्यात. शेवटाला बांधूया की.” आणि त्यांना वर्तुळात नेऊन एका चांदी घासणाऱ्या पोरसवदा सुनेच्या शेजारी बसवलं, जोडीदार म्हणून. साहेब आधी अवघडले, मग तासाभरानं तिला तिच्याच कामातले प्रश्न विचारायला लागले. शेवटी सगळे कारागीर कामाला पळाले, फेटे तसेच राहिले, तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हातानं एक ताईंना बांधला. तो घालूनच त्या कोल्हापूरच्या बसमध्ये बसल्या. कंडक्टरनं तिकीट देताना विचारलं, “काय मावशी, निवडून आलासा व्हय?” “न्हाय बाबा,” ताई म्हणाल्या, “पाडून आले.”

पण त्यांची खरी ओळख एका मनाईत होती. आमच्यातल्या कुणीही, कुठल्याही कार्यशाळेत, ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. ही मनाई हुपरीतच जन्माला आली. तिथं घराघरात चांदीची पैंजणं घडतात आणि चांदी साफ करायला तेजाब लागतं, हात लागला तर कातडी सोलून काढणारं. ते लोक थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवायचे. घरात पिण्याचं पाणीही तसल्याच बाटल्यांत. आम्ही अर्धा दिवस घेऊन सांगितलं, तेजाब वेगळं ठेवा, उंचावर ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. मी विचारलं, समजलं का? तीस बायका एका सुरात म्हणाल्या, व्हय. मला कोण आनंद! ताई उठल्या आणि दाराजवळच्या एका बाईला म्हणाल्या, “चल गं, तुझं घर जवळच हाय, मला दावून दे.” आम्ही चार जण तिच्यामागं गेलो. तिनं तेजाबाची बाटली उचलली आणि अगदी सांगितल्याप्रमाणं उंचावर ठेवली. घरात उंच फळी एकच होती. तिथं पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांची ओळ होती, तिच्यात मधोमध.

ती बाई बिचारी आमच्याकडं शाबासकीच्या अपेक्षेनं बघत होती. ताईंनी तिला नावं ठेवली नाहीत. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, “व्हय म्हणणं ही आपली रीत हाय, संजू. समोर शिकलेला माणूस हाय, चांगल्यासाठी सांगतोय, त्याला न्हाय कसं म्हणायचं? त्या व्हयचा आणि समजण्याचा काय संबंध? आपुण इचारलंच चुकीचं.” तेव्हापासून आम्ही विचारायचं बंद केलं. त्याऐवजी समोरच्यानं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, नाही तर हातानं करून दाखवायचं. आणि महिन्याभरानं ताईंनी कुठून तरी रुंद तोंडाचे, जाडजूड पांढरे कॅन मिळवले. त्या फळीवर ते मावतच नव्हते. “माणसाला शहाणं करण्यापेक्षा डबा शहाणा करणं सोपं,” असं त्या म्हणायच्या.

कबनूरला मागाच्या खडखडाटानं माणसं चाळिशीत बहिरी होतात. कानात घालायचे बोळे वाटून झाले होते, भाषणं झाली होती, बोळे खिशात पडून होते. ताई तीन दिवस सकाळपाळीला जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. कामगार आला की पहिल्यांदा शर्ट काढून खुंटीला अडकवतो, एवढंच त्यांनी टिपलं. मग आमची सगळी कार्यशाळा त्या खुंटीभोवती झाली. प्रत्येकानं आपापल्या खुंटीला दोरीनं बोळे बांधले, शर्ट अडकवायचा आणि त्याच हातानं बोळे कानात. नवी सवय एकटी उभी राहत नाही, तिला जुन्या सवयीच्या पाठीशी बांधावं लागतं, हे बाडातलं एक पान होतं. मी ते दहा वेळा वाचलेलं. खुंटी मात्र मला दिसली नव्हती.

सगळं जमलं असं नाही. वारणानगरच्या बाजूला दूध घालणाऱ्या बायांसाठी धारेची भांडी धुण्याबद्दल आम्ही एक कार्यशाळा घेतली होती. काय रंगली होती! गाणी, हसणं, करून दाखवणं, सगळं. तीन महिन्यांनी ताई न कळवता परत गेल्या, मलाही नेलं. पहाटेच्या धारेला आम्ही सात गोठे पाहिले. सातही ठिकाणी पहिल्यासारखंच चाललं होतं. कारण साधं होतं, त्या वेळी नळाला पाणीच नसायचं. हे आम्ही विचारलंच नव्हतं. परतताना ताई एसटीच्या थांब्यावर दगडावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. “आपुण त्यांची करमणूक केली,” म्हणाल्या. मी समजूत घालायला गेलो की ताई, एखादं चुकतंच. त्या माझ्यावर खेकसल्या, “एखादं म्हंजे? ते आपल्यासाठी एखादं. तिच्यासाठी तेवढंच की!” मला त्यांचा राग आला होता, इतकं काय लावून घ्यायचं म्हणून. आज त्या वाक्यानं झोप लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. पाय सुजायचे. नेहमीप्रमाणं त्यांनी ते चपलांवर ढकललं. मग एका कार्यशाळेत फळ्याला धरून त्या खाली बसल्या आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. हृदयाचा पंप कमकुवत झालाय, डॉक्टर म्हणाले. बारा दिवस ठेवलं. दादा आणि मी पाळीपाळीनं बसायचो. दादा उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेले, बोटं जाडजूड, बोलणं मोजकं. त्यांना वाढलेलं कुणी खाल्लं नाही की ते कासावीस होतात. ताईंचं जेवण तिथं पार तुटलं होतं. बोलणंही. त्या भिंतीकडं तोंड करून पडून असायच्या, गालफडं बसलेली, मनगट माझ्या लेकीच्या मनगटाएवढं झालेलं. त्यांना तसं बघून मला इतकी भीती वाटायची की मी सारखा काहीतरी विनोद करत राहायचो. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

सोडायच्या दिवशी दादा आधी घरी गेले, खोली झाडायला आणि पलंग खिडकीशी सरकवायला. दवाखान्यात मी एकटाच. हातात फाइल, गोळ्यांची पिशवी, थर्मास, ताईंच्या चपला. खाली रिक्षावाला हॉर्न देतोय, खिशात फोन वाजतोय. डॉक्टर तरुण होते, मवाळ बोलणारे, जागरणानं डोळे लाल झालेले. मला बाजूला घेऊन त्यांनी नीट सांगितलं. मीठ कमी, पाणी मोजून, गोळ्या चुकवायच्या नाहीत, रोज सकाळी वजन करायचं... आणि त्यापुढं आणखी दोन वाक्यं. “समजलं ना?” त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. “हो हो, समजलं.” वजनाचं माझ्या डोक्यात सगळ्यांत पक्कं राहिलं, कारण ताई इतक्या वाळल्या होत्या की आता त्यांचं वजन वाढायला हवं हे मला डॉक्टरांनी सांगायची गरजच नव्हती. पुढची दोन वाक्यं मी ऐकली असणार. कान तर जागेवरच होते.

रिक्षा कदमवाडीच्या वळणाला लागली तेव्हा ताईंनी बारा दिवसांत पहिल्यांदा जरा जुन्या आवाजात हाक मारली. “संजू, डॉक्टर काय म्हणाले? तुझ्या शब्दांत सांग बघू.” मला इतकं बरं वाटलं... बाई परत आली, असं वाटलं. मी म्हणालो, “ताई, कार्यशाळा संपली. प्रमाणपत्रं वाटून झाली, सतरंज्या गोळा झाल्या. आता तुम्ही फक्त झोपायचं.” त्या हसल्या. ठसका लागेपर्यंत हसल्या. “लई शाना झालास,” म्हणाल्या आणि मान मागं टेकून त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्यांदा विचारलं नाही. शालनताईंनी एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही, असं एकोणीस वर्षांत घडलं नव्हतं. थकल्यात, एवढंच माझ्या मनात आलं.

त्याच संध्याकाळी मी वजनकाटा विकत आणून दिला. दादांना म्हणालो, मीठ कमी घाला, गोळ्या वेळेवर द्या आणि रोज सकाळी वजन करायचं, डॉक्टरांनी सांगितलंय. दादांनी तो पलंगाशेजारी ठेवला, आणि कपाटावर फाइल ठेवली, जी पुढं कुणी उघडली नाही. आत सगळं इंग्रजीत आणि डॉक्टरी अक्षरात होतं, मी उघडायला हवी होती. दादा रोज सकाळी ताईंना धरून काट्यावर उभं करायचे आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात वजन लिहायचे. पाचव्या दिवशी मी गेलो तर ते दारातच म्हणाले, “संजू, अंग धरलं बग तिनं! दोन दिसात दोन किलो!” मटणाचा पांढरा रस्सा करत होते, मीठ अगदी नावाला घातलेला, दोन वेळा वाटी वाटी. ताईंचा चेहरा भरल्यासारखा दिसत होता. मी त्यांना पुन्हा काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्यानं वाचला आणि टाळ्या वाजवल्या. आमच्या कार्यशाळेत एखाद्या बाईनं पहिल्यांदा करून दाखवलं की वाजवतो तशा. ताई माझ्या खांद्याला धरून उतरल्या. त्यांना जरा धाप लागली होती. “पुढच्या महिन्यात कबनूर,” म्हणाल्या. ती आमची शेवटची भेट. तिसऱ्या दिवशी सकाळी सतरंज्या अंथरताना फोन आला.

दोनेक आठवड्यांनी काही कागद आणायला मी दवाखान्यात गेलो, तेव्हा जिन्यात तेच डॉक्टर भेटले. त्यांना ताई आठवत होत्या. मनापासून वाईट वाटल्यासारखे ते थांबले आणि म्हणाले, “अचानक कसं झालं? वजन वाढलं होतं का?” मी म्हणालो, “हो ना डॉक्टर, उलट चांगलं वाढलं होतं, दोन दिवसांत दोन किलो...” आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघून माझा आवाज मध्येच कुठंतरी गेला. त्यांनी मला जिन्याच्या कोपऱ्यात घेतलं. असं वजन वाढतं ते मांस नसतं, शरीरात पाणी साठलेलं असतं, कारण हृदय ते पुढं ढकलू शकत नाही. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी आणा. हीच ती दोन वाक्यं. “मी सांगितलं होतं तुम्हाला,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यांनाही ते आठवून तपासून बघायचं होतं. “विचारलंसुद्धा होतं. तुम्ही हो म्हणालात.” मी म्हणालो, “हो. मी हो म्हणालो.” वेळेवर आणलं असतं तर वाचल्या असत्या का, हे मी विचारलं. हृदय फारच थकलं होतं, काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. हे ‘सांगता येत नाही’ घेऊन मी तेव्हापासून फिरतो आहे. होकार असता तर त्याच्याशी भांडलो असतो, नकार असता तर त्याला धरून झोपलो असतो. याचं काय करायचं ते कुठल्याही बाडात नाही.

तेजाबाची फळी पाहिलेला मी माणूस. शेकडो बायकांना मी सांगितलं असेल, मान डोलावू नका, परत सांगा. पांढऱ्या कोटासमोर मीही हुपरीची ती बाईच निघालो. तिनं निदान सांगितलेलं ऐकून बाटली उंच तरी ठेवली होती. डॉक्टर भेटल्याच्या पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली. मला बोलायचं होतं, टाळता आलं नाही. मी तेजाबाची गोष्ट सांगितली, मनाईची गोष्ट सांगितली, लोकांनी डोळे पुसले. दादा पहिल्या रांगेत बसून माझ्याकडं अभिमानानं बघत होते. मी खाली उतरलो आणि सभागृहाच्या मागं जाऊन ओकलो.

दादांना सांगायचं की नाही, यावर मी तीन आठवडे काढले. सांगितलं तर माझं ओझं हलकं होणार आणि त्यांचं वाढणार, कारण रस्सा त्यांनी केला होता, आकडे त्यांनी लिहिले होते. न सांगावं तर तो माणूस मला जेवायला बोलावत राहणार. शेवटी मी गेलो ते काही ठरवून नाही, फार दिवस पाय त्या गल्लीतून मागं फिरत होते, त्या दिवशी फिरले नाहीत. दादा स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. डॉक्टर, रिक्षाचा हॉर्न, दोन वाक्यं, माझी मान. पाणी, वजन. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

दादा उठले आणि कॅलेंडरपाशी गेले. बॉलपेननं, शाळेतल्या पोरासारख्या ठसठशीत अक्षरात, आठ चौकोनांत आठ आकडे होते. एकाखाली त्यांनी रेघ ओढलेली होती, आनंदानं ओढतात तशी. ते त्या आकड्यांवरून बोट फिरवत गेले. “म्हंजे ह्यो आकडा वाढला तवा...” एवढं बोलून थांबले. मी म्हणालो, “दादा, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं होतं.” गॅसवर दूध होतं, ते उतू जायला लागलं, दोघांपैकी कुणीच हललं नाही.

“आनि तिनं तुला इचारलं न्हाय?” दादा वळून म्हणाले. “मला मंडईला धाडलं तरी काय काय आणायचं ते परत म्हणून घ्यायची. पन्नास वर्सं झाली. तुला न्हाय इचारलं?”

रिक्षात आम्ही दोघंच होतो. रिक्षावाला कोण होता तेही मला सांगता येणार नाही. मी नाही म्हटलं असतं तर ते खोटं या जगात कुणालाच धरता आलं नसतं, आणि समोरच्या माणसाला जरा सोपं गेलं असतं, निदान मला तरी.

“विचारलं होतं,” मी म्हणालो. “रिक्षात. मी थट्टेवारी नेलं. कार्यशाळा संपली, आता झोपा म्हणालो.”

दादा हाकलून देतील असं वाटलं. द्यावं, असंही वाटलं. त्यांनी हात लांब करून गॅस बंद केला.

“हसली का?”

“कोण?”

“शालन. तू असं म्हणल्यावर हसली का ती?”

“हसल्या,” मी म्हणालो. “ठसका लागेपर्यंत हसल्या.”

“बारा दीस दवाखान्यात हुती, माझ्यासमोर एकदाबी हसली न्हाय,” दादा म्हणाले. मग ते माझ्यासमोर फरशीवर बसले, मलाही हाताला धरून खाली बसवलं. “कशी हसली, सांग की.”